संधी आणि अधिकार : लघुप्रकाशकाच्या नैतिकतेचा प्रश्न

१

चंद्रपूर जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात १९७९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षीचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली चंद्रपुरात भरले. आणि त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलनही झाले. या दोन घटना परस्परविरोधी म्हणून उभ्या करण्याचे कारण नाही. पहिल्या संमेलनात दीर्घकाळ उभी असलेली एक संस्था या जिल्ह्यात पाहुणी म्हणून आली. दुसऱ्यात, आजवर ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांनी कोणाच्या निमंत्रणाची वाट न पाहता आपले व्यासपीठ स्वतः मांडले. एकाच जिल्ह्याला एकाच वर्षी दोन संमेलनांची गरज भासली, यातून एक प्रश्न मात्र उरतो : लिहिणाऱ्याला साहित्याच्या प्रदेशात प्रवेश मिळतो तो कोणी दिलेल्या संधीमुळे, की त्याच्या स्वतःच्या अधिकारामुळे?

हा प्रश्न संमेलनांपेक्षा प्रकाशनाच्या क्षेत्रात अधिक तीव्र होतो. संमेलन दोन-तीन दिवसांत संपते, पुस्तक राहते. पुस्तक कोणाचे निघावे, कोणत्या भाषेत निघावे, त्यावर कोणाची प्रस्तावना असावी, याचे निर्णय कोणीतरी घेत असतो. मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बाबतीत हे निर्णय बाजारपेठ, पाठ्यपुस्तके, ग्रंथालयांची खरेदी यांच्या गणिताने बरेचसे ठरून गेलेले असतात. लघुप्रकाशकाचे तसे नसते. ‘लघुप्रकाशक’ या संज्ञेने येथे तो प्रकाशक अभिप्रेत आहे, ज्याचे भांडवल अल्प आहे, ज्याच्या पाठीशी विद्यापीठ, शासन वा मोठी व्यापारी संस्था नाही, आणि जो केवळ आपल्या वाचनाच्या बळावर, स्वतः नुकसान सोसण्याच्या तयारीने, अपरिचित लेखकाचे पहिले पुस्तक काढतो. त्याचा निर्णय जितका स्वतंत्र, तितकी त्याची नैतिक जबाबदारीही अधिक. ही जबाबदारी नेमकी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

मराठीत अशा प्रकाशकांची परंपरा क्षीण नाही. साठच्या दशकातील अनियतकालिकांच्या चळवळीने प्रस्थापित नियतकालिकांच्या निवडीचा अधिकारच अमान्य केला. १९६९ मध्ये राजा ढाले प्रभृतींनी ‘सत्यकथा’च्या अंकाची जी होळी केली, तिचा रोख एका मासिकावर असला तरी तिचा आशय व्यापक होता : आमच्या लेखनाची पारख तुमच्या अभिरुचीने का व्हावी? या वातावरणातूनच पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. ‘ग्रंथाली’ने वाचकांचीच चळवळ उभारून दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने घराघरांत नेली. पुण्यात विलास वाघ व उषा वाघ यांनी चालविलेल्या ‘सुगावा प्रकाशना’ने फुले-आंबेडकरी विचारांच्या ग्रंथांबरोबरच वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह काढला. भिल्ल समाजातून आलेल्या, मराठी आणि भिलोरी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या कवीचे ते पहिलेच पुस्तक होते.

या परंपरेचे श्रेय नि:संशय मोठे आहे. परंतु त्यावरून लघुत्व हाच एक सद्गुण आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा लेखक पंचविशीत होता, आणि ती काढणारी देशमुख आणि कंपनी ही मराठीतील एक प्रतिष्ठित संस्था होती. ‘मौज’च्या श्री. पु. भागवतांनी नवोदितांच्या हस्तलिखितांवर जे परिश्रम घेतले, ते कोणत्याही लघुप्रकाशकाला मार्गदर्शक ठरावेत असेच आहेत. उलट, स्वतःस लहान आणि स्वतंत्र म्हणविणाऱ्या अनेक ठिकाणी नवोदित कवीकडूनच छपाईचा खर्च घेऊन संग्रह काढण्याची रीत आहे. तेथे निवड नाही, धोका नाही, आणि म्हणून वाचनही नाही. तेव्हा नैतिकतेचा प्रश्न संस्थेच्या आकाराशी नव्हे, तर प्रकाशक आणि लेखक यांच्यातील संबंधाच्या स्वरूपाशी निगडित आहे. हा संबंध दात्याचा आणि याचकाचा, की दोन वाचकांचा?

३

‘नवोदितांना संधी देणे’, ‘वंचितांना आवाज देणे’ या शब्दप्रयोगांची आपल्या साहित्यव्यवहाराला इतकी सवय झाली आहे की त्यांच्यातील गृहीतके तपासली जात नाहीत. संधी देणाऱ्याजवळ ती आधी असावी लागते. ‘आवाज देणे’ या प्रयोगात तर, ज्याला आवाज द्यावयाचा तो आजवर मुका होता, असे सूचित होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हे गृहीतक सरळसरळ असत्य आहे. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या समाजांची गाणी, कथने, गोटुलातील परंपरा ही मुद्रणापूर्वीची आणि मुद्रणाबाहेरची समृद्ध वाङ्मयसृष्टी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची देशातील संख्या २९ लाखांहून अधिक होती. तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. बोलणारे होते, ऐकणारेही होते. नव्हती ती त्यांच्या बोलण्याला वाङ्मय मानणारी व्यवस्था. म्हणून कमतरता लेखकाच्या बाजूची नसून वाचकाच्या बाजूची आहे, आणि प्रकाशक हा या अपुऱ्या वाचकवर्गाचा पहिला प्रतिनिधी असतो.

याच ठिकाणी एक दुसरा, अधिक सूक्ष्म धोका संभवतो. चार्ल्स टेलर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मान्यतेच्या राजकारणावरील आपल्या निबंधात असे दाखविले की प्रत्येक संस्कृतीकडे जाताना तिच्यात काही मोलाचे असेल या गृहीतकाने जावे, ही अपेक्षा न्याय्य आहे. पण अभ्यास न करताच ती मोलाची आहे असा निवाडा देणे हा सन्मान नव्हे. मागणीनुसार दिलेला अनुकूल अभिप्राय वरवर उदार दिसतो, वस्तुतः तो कृपेचाच एक प्रकार असतो. हा भेद आपल्या प्रकाशनव्यवहाराला लावून पाहावा. ‘हे आमच्या अभिरुचीत बसत नाही’ म्हणून जो हस्तलिखित परत करतो तो ते वाचत नाही. आणि ‘हे आदिवासी लेखकाचे आहे’ एवढ्याच कारणासाठी जो ते जसेच्या तसे छापतो, तोही ते वाचत नाही. पहिला लेखकाला दाराबाहेर उभे करतो, दुसरा त्याला आत घेऊन प्रदर्शनात ठेवतो. ‘विविधता’ हे मूल्य यादीतील नावांच्या संख्येने मोजले जाऊ लागले की दुसऱ्या प्रकारचा अन्याय अधिक वाढतो, कारण तो अन्याय म्हणून ओळखूच येत नाही.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये निम्नवर्गीय स्त्रीच्या बोलण्याविषयी जो प्रश्न विचारला, त्याचा रोखही बोलणाऱ्याच्या क्षमतेपेक्षा ऐकण्याच्या व्यवस्थेवर होता. तिच्या बोलण्याचे जे ग्रहण होते, ते दुसऱ्याने आधीच आखलेल्या चौकटीत होते. पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत ही चौकट कोण आखतो, हे पाहू लागले की प्रकाशकाच्या अनेक निरुपद्रवी वाटणाऱ्या कृतींकडे (मलपृष्ठावरील मजकूर, शब्दसूची, प्रस्तावना, लेखकाचा परिचय यांकडे) वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

४

या जिल्ह्यांच्या भौतिक इतिहासात या प्रश्नाचा एक समांतर वस्तुपाठ आढळतो, आणि तो केवळ रूपक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची कागद गिरणी उभी राहिली. या भागातील बांबू तिचा कच्चा माल होता. मराठी पुस्तके ज्या कागदावर छापली गेली, त्यांतील काही कागद तरी या अरण्याने पुरविला, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु त्या बांबूवर ज्यांचा दैनंदिन व्यवहार अवलंबून होता, त्यांना तो विकण्याचा अधिकार नव्हता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूची गणना वृक्षांत केली होती, आणि वृक्षावर मालकी वनखात्याची.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही स्थिती बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. त्या कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. म्हणजे मालकी मान्य झाली, पण माल हलविण्याची मुभा दुसऱ्याकडे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. हक्क आणि परवाना यांत किती अंतर असू शकते, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले.

साहित्याच्या क्षेत्रात या परवान्याचे पुस्तक प्रकाशकाच्या हाती असते. लेखकाचा आपल्या अनुभवावरील आणि भाषेवरील हक्क तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. पण तो अनुभव ज्या वाटेने वाचकापर्यंत जातो ती वाट पुण्या-मुंबईच्या नाक्यावरून जाते. अरण्याविषयीची जी पुस्तके मराठी वाचकाला सुपरिचित आहेत, त्यांत हेमलकशाच्या कार्याशी निगडित असलेल्या लेखकांची पुस्तके ठळक आहेत : विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’, प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’. त्यांची प्रामाणिकता वादातीत आहे आणि त्यांनी वाचकाला एका अपरिचित प्रदेशापर्यंत नेले, हेही मान्य करावयास हवे. तथापि विनायक तुमराम, उषाकिरण आत्राम यांसारख्या आदिवासी कवींची नावे त्याच वाचकाला तितक्या सहजतेने आठवत नाहीत. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) अभ्यासकांच्या चर्चेत राहिला, पण सामान्य वाचकाच्या कपाटात नव्हे. या तफावतीचे कारण केवळ गुणवत्तेत शोधणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

मेंढ्याच्या कार्यपद्धतीत आणखी एक भेद आहे, जो येथे विशेष उपयोगी पडतो. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा ही दोन स्वतंत्र स्थाने आहेत. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभाच, सर्वसहमतीने, घेते. जाणकाराचे ज्ञान नाकारलेले नाही आणि त्याच्या ज्ञानाला निर्णयाचा अधिकारही बहाल केलेला नाही. संपादक-प्रकाशकाचे स्थान याहून नेमकेपणाने सांगणे अवघड आहे. त्याने अभ्यासगटात बसावे. ओळ का अडते, प्रकरण कोठे लांबते, रूढ दलित-ग्रामीण कवितेचे वळण कोठे नकळत उचलले गेले आहे, हे त्याने परखडपणे सांगावे. हे न सांगणे म्हणजे लेखकाला समान न मानणे होय. परंतु अखेरचा शब्द लेखकाचा.

५

या तुलनेला एक गंभीर आक्षेप घेता येईल. बांबू ही सामूहिक संपत्ती आहे; कविता तशी नाही. ग्रामसभेचा निर्णय सर्वांच्या संमतीने होतो; साहित्यकृती मात्र अनेकदा आपल्याच समूहाशी असलेल्या असहमतीतून जन्मते. आपल्या जमातीतील एखाद्या प्रथेविषयी कठोरपणे लिहिणारी स्त्री ही त्या जमातीची प्रतिनिधी आहे, की तिची टीकाकार? तिचे पुस्तक ‘आदिवासी स्त्रीचा आवाज’ म्हणून बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाने तिच्यावर एक प्रातिनिधिकत्व लादलेले असते, ज्यातून सुटण्यासाठीच कदाचित तिने लिहिले होते. शहरी मध्यमवर्गीय कादंबरीकाराकडून त्याने आपल्या जातीचे वा वर्गाचे प्रतिनिधित्व करावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याला व्यक्ती असण्याची मुभा जन्मतःच मिळालेली असते. हीच मुभा नवोदित आदिवासी लेखकाला नाकारली जाते, आणि ती नाकारणारे बहुधा त्याचे हितचिंतकच असतात.

हा आक्षेप मान्य केल्यावर तुलना सोडून द्यावी लागत नाही. ती दुरुस्त करावी लागते. साहित्यकृतीच्या बाबतीत ग्रामसभेच्या जागी समूह नसून लेखक एकटा असतो. समूहालाही, प्रकाशकाप्रमाणेच, अभ्यासगटातच स्थान आहे. तो वाद घालू शकतो, दुखावला जाऊ शकतो, प्रत्युत्तर लिहू शकतो. मात्र लेखकाचे पुस्तक समूहाच्या संमतीची पावती घेऊनच निघावे, असा आग्रह धरणारा प्रकाशक एका पहारेकऱ्याच्या जागी दुसरा बसवितो.

भाषेच्या प्रश्नात या तत्त्वाची कसोटी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या काही भागांत बोलली जाणारी झाडीबोली, गोंडी, माडिया आणि शाळेत शिकविली जाणारी प्रमाण मराठी यांच्या सीमेवर लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. हरिश्चंद्र बोरकर प्रभृतींनी झाडीबोलीच्या अभ्यासाचे आणि संमेलनांचे जे काम नव्वदच्या दशकापासून उभे केले, त्यामुळे या बोलीत लिहिण्याला एक आत्मविश्वास आला. प्रकाशक मात्र येथे दोन टोकांना जाऊ शकतो. एक, वाचकाच्या सोयीसाठी बोली पुसून टाकणे. दोन, अस्सलपणाच्या हौसेपोटी लेखकाने प्रमाण मराठीत लिहिलेला मजकूर अधिक ‘जंगली’ करून मागणे. दुसरी मागणी पहिलीइतकीच अपमानकारक आहे. गोंड तरुणाला संस्कृतप्रचुर मराठी लिहिण्याचा अधिकार तितकाच आहे, जितका तो गोंडी लिहिण्याचा आहे.

प्रस्तावनेचेही तसेच. मराठीत अपरिचित लेखकाला प्रतिष्ठिताची प्रस्तावना जोडण्याची प्रथा जुनी आहे. १९५२ मध्ये बहिणाबाई चौधरी यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह आली, तेव्हा कवयित्री हयात नव्हती. अत्र्यांच्या शिफारशीने त्या गाण्यांचा मार्ग सुकर झाला, यात शंका नाही. पण प्रस्तावना हा बहुतेक वेळा जामीनच असतो. याला सन्माननीय अपवाद नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेचा. आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीला विचारणारा, त्याच्या मागोमाग त्याच्या वस्तीत जाणारा प्रस्तावनाकार तेथे दिसतो. तो कवीची हमी देत नाही. आपले अज्ञान नोंदवितो. प्रतिष्ठित वाचक आणि नवोदित लेखक यांच्यात जे नाते असावयास हवे, त्याची दिशा तेथे दिसते. शब्दसूची द्यावयाचीच असेल तर ती लेखकाच्या उणिवेची भरपाई म्हणून नव्हे, वाचकाच्या अभ्यासाची सुरुवात म्हणून द्यावी.

६

उरतो तो वाचकाचा प्रश्न. ‘या पुस्तकांना वाचक नाही’ हे लघुप्रकाशकाचे दुःख खरे आहे. पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती वर्षानुवर्षे खोलीत पडून राहते, आणि सदिच्छेने कर्ज फिटत नाही. त्याच्याकडून अमर्याद त्यागाची अपेक्षा करणे हीही एक अनैतिकताच. परंतु वाचक नाही म्हणजे कोठे नाही, हे विचारावयास हवे. वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगाव रात्रभर नाटके करते, आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. हा प्रदेश वाङ्मयविन्मुख आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही. पुस्तक त्याच्यापर्यंत पोचण्याची व्यवस्था नाही, एवढेच म्हणता येते. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. वाचक घडत आहे. प्रश्न आहे तो लेखकाचे पुस्तक त्याच्या गावी पोचविणे हे प्रकाशक आपले कर्तव्य मानतो की नाही, हा. जे पुस्तक अरण्यातून निघून केवळ शहरातच वाचले जाते, त्याची गत बल्लारपूरच्या कागदासारखीच : कच्चा माल येथला, उपभोग तेथला.

आणि शेवटी, दुसरे पुस्तक. पहिल्या पुस्तकाभोवती प्रकाशनसमारंभ असतो, कौतुक असते, क्वचित पुरस्कार असतो. पहिले पुस्तक बहुधा लेखकाच्या जगण्याची साठलेली पुंजी खर्च करते. ते विषयाच्या नवलाईवर वाचले जाऊ शकते. दुसऱ्या पुस्तकाला नवलाईचा आधार नसतो. तेथे लेखक लेखक म्हणून उभा राहतो आणि प्रकाशकाचा हेतूही तेथेच उघड होतो. मराठीत आत्मकथनांच्या लाटेत आलेले कितीतरी लेखक पहिल्या पुस्तकानंतर गप्प झाले. याचे खापर त्यांच्या प्रतिभेवर फोडण्यापूर्वी हे विचारले पाहिजे की त्यांच्या पहिल्या पुस्तकाची खरीखुरी समीक्षा कोणी केली होती काय? ज्याची केवळ प्रशंसा झाली, त्याला पुढचा रस्ता कोणी दाखविलेला नसतो. या बाबतीत समीक्षेचा दोष प्रकाशकाहून कमी नाही. सहानुभूतीच्या आडोशाने तिने आपले काम टाळले आहे.

म्हणून लघुप्रकाशकाचे मोल त्याने किती नव्या नावांना ‘संधी दिली’ यावर ठरू नये. त्याने हस्तलिखित खरोखर वाचले काय, वाचून आपला मतभेद लेखकासमोर मांडला काय, मांडल्यावर निर्णय लेखकाच्या हाती ठेवला काय, आणि पुस्तक लेखकाच्या गावापर्यंत नेले काय, या प्रश्नांवर ते ठरावे. परवान्याचे पुस्तक एकदा ग्रामसभेच्या हाती आल्यावर ते देणारा मंत्री दिल्लीला परतला. बांबू तोडणे, मोजणे, विकणे हे काम गावाचे उरले, आणि त्यातील चुकाही गावाच्याच. नवोदित लेखकालाही स्वतःच्या चुका करण्याचा आणि त्या चुकांबद्दल कोणतीही सवलत न घेता जाब देण्याचा अधिकार असतो. तो मान्य करणे हे दानाहून कठीण आहे, आणि अल्प भांडवलाच्या प्रकाशकालाही ते करता येण्यासारखे आहे.